लाल झालेली पाठ

सिस्टर, तुम्ही मला एक गोष्ट चुकीची शिकवलीत, आणि ती या वयात मला एका मोबाईलने सांगावी याचा मला भयंकर राग आला आहे. भांडायला तुम्ही आता या जगात नाही, म्हणून लिहिते.

हुडकेश्वरला माझ्या घराच्या वरच्या खोलीत एक मुलगी भाड्याने राहते. उमरेडच्या विणकरांची. घरचे माग केव्हाच बंद पडले, वडील वाडीच्या गोदामात पोती उचलतात. ही नर्सिंग शिकली आणि आता आखातातल्या नोकरीसाठी लायसन्सची परीक्षा देते आहे. दोनदा नापास झाली. येत्या सोमवारची तिसरी संधी शेवटची. रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती मोबाईलवर सरावाचे प्रश्न सोडवते. चार पर्याय आणि एक बोट, झाला अभ्यास! मी विचारते, हेच उत्तर का? तर म्हणते, "काकू, ते काहून नका विचारू. मले फक्त बी का सी तेवढं सांगा." मी म्हटलं, "पेशंट काय तुला बी का सी विचारणार आहे वं?" तर हसून म्हणाली, "पेशंटपर्यंत पोहोचू तं द्या मले!"

परवा प्रश्न आला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कंबरेखालची कातडी लाल झाली आहे, नर्सने काय करावं? मी भाजी चिरता चिरता ओरडले, "स्पिरिट लावून चोळायचं, वर पावडर!" तिने दाबलं. लाल फुली. तसलाच पुढचा प्रश्नही माझ्या भरवशावर गेला, आणि त्या सराव परीक्षेत ती नेमकी दोन गुणांनी नापास झाली. मी मोबाईलवाल्यांचा यथेच्छ उद्धार केला. या लोकांनी जन्मात कधी बेडपॅन तरी उचललंय का?

कारण मला तुम्ही दिसत होता. आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या, मी तर शाळेपासून नन्सच्या धाकात वाढलेली, उलट बोलायची छातीच नाही. तुम्ही एका म्हाताऱ्याला कुशीवर वळवता, शर्ट वर सारता आणि माझ्याकडे बघता. "पाठ लाल आहे. मग लाजेने तुझं तोंड का लाल नाही?" माझ्या तळव्यावर स्पिरिट ओतता. "जोरात! पेशंटची पाठ म्हणजे नर्सचं प्रगतिपुस्तक." महिन्याभरात स्पिरिटने माझे हात फुटले, तेव्हा तुम्हीच आपल्या कपाटातली खोबरेल तेलाची बाटली काढून दिलीत. तुमच्यावर धड रागावताही येत नाही, ती बाटली मध्ये येते.

शेवटी मुलीच्या पिशवीतलं नवं पुस्तक काढून वाचलं. लाल झालेली जागा चोळू नये, आतल्या आत इजा होते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. रुग्णाला वळवावं, दाब काढावा. चार ओळी! आणि मी सगळी नोकरीभर चोळत राहिले, पोरींना चोळायला शिकवत राहिले. किती पाठी झाल्या असतील, सिस्टर?

काल तिला सांगितलं, "मोबाईल बरोबर आहे. चोळायचं नाही, वळवायचं." तिने मान वर केली. "मंग तुम्ही काहून चोळत होत्या, काकू?" मी म्हटलं, "आमच्या सिस्टरनी तसं शिकवलं होतं." तिला ते पटलं. पुढचा प्रश्न घेतला.

ते अर्धंच खरं आहे. मी निवृत्त व्हायच्या बरंच आधी वॉर्डात एक नवी स्टाफ नर्स आली होती. तिने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, मॅडम, आता असं चोळत नाहीत. मी मुद्दाम सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं, "तू मला शिकवणार?" आणि समोरच्या बाईची पाठ आणखी जोरात चोळली. ती कण्हत होती.

हे मी मुलीला सांगितलेलं नाही. सोमवारपर्यंत तिचा माझ्यावर भरवसा राहायला हवा, असं मी स्वतःला सांगते आहे.