सॅल्व्हियाचा दगड

प्रिय आई,

पत्रासोबतचा डबा आधी उघडू नकोस. म्हणजे तू उघडला असशीलच, पण निदान आत काय आहे ते कळलं नाही असं समज आणि पुढे वाच.

हाताने लिहिलेलं पत्र बघून तू घाबरली असशील. काही झालेलं नाही. तब्येत ठीक आहे, जेवतोय, नोकरी अजून आहे. फक्त फोनवर माझं बोलणं कसं असतं ते तुला माहीत आहे. तू काहीतरी महत्त्वाचं विचारतेस आणि माझी बस येते. त्या दिवशीही तसंच झालं. तू म्हणालीस, परी (एवढ्या मोठ्या मुलाला अजून परीच म्हणतेस), मी आणि मनोहर लग्न करावं म्हणतोय, पण तुला चालणार नसेल तर विषय इथेच संपला, मी परत काढणार नाही. आणि तुझ्या बाबांना कुणी पुसून टाकतंय असं तुला वाटलं तर तेही सरळ सांग. हे सगळं तू एका दमात बोललीस, म्हणजे आधी दोन-चारदा म्हणून पाहिलं असणार. आणि मी म्हटलं, आई, बस आली. बस खरंच आली होती गं. पण मी चढलो नाही. ती गेली, आणि मी बर्फातून चालत म्युझियमला गेलो. तेव्हापासून तू रोज फोन करतेस, ॲन आर्बरच्या थंडीचं विचारतेस, पोळ्या कुठे मिळतात विचारतेस, आणि ते एक सोडून बाकी सगळं विचारतेस. म्हणून कागद घेतला. कागदावर बस येत नाही.

उत्तर देणार आहे. पण आधी एका दगडाचं सांगू दे, नाहीतर मला जमणार नाही.

मी इटलीला कसा गेलो ते तुला अजून नीट कळलेलं नाही आणि मंडळातल्या काकूंना तर मुळीच नाही. शोभनाचा मुलगा सध्या काय करतो, असं विचारलं की तू म्हणतेस, फिरतोय. बरोबरच आहे. दुसऱ्यांदा कॉलेज सोडलं, बॉथेलला माझ्या मित्राच्या, शंतनूच्या सोफ्यावर राहिलो, सफरचंदं तोडली, मग इथे सायकलच्या दुकानात लागलो. तिथे एक प्रोफेसर यायचे, त्यांची सायकल त्यांच्याहून जुनी. फ्रेमला तडा गेला होता, मी ब्रेझिंग करून, म्हणजे सांध्यात पितळ वितळवून, जोडून दिली. ते म्हणाले, हात चांगला आहे, उन्हाळ्यात खणायला येतोस का, रोमन गाव आहे, खाणंपिणं आमचं. मला खाणंपिणं एवढंच ऐकू आलं. रोमन म्हणजे काय, तर टोग्यातली, अंगाभोवती पांढरी चादर गुंडाळलेली माणसं, याच्यापुढे माझी मजल नव्हती.

खणणं म्हणजे काय असतं माहितीये? थापी. गवंड्याच्या हातात असते तशी, जरा लहान. तिने माती खरवडायची, घमेल्यात भरायची, चाळणीतून गाळायची, आणि दिवसभरात बोटाएवढा खापराचा तुकडा मिळाला की सगळ्यांनी येऊन बघायचा. मातीचा रंग बदलला की थांबायचं. मला वाटलं होतं माझ्यासारख्याचा हा पिंडच नाही. कुठल्याच जागी मी दोन महिने टिकत नाही, आणि इथे तर एका चौकोनातून बाहेर पडायचं नाही! पण गंमत म्हणजे खाली जात राहिलं की जागा रोज बदलते. जाणं होतंच की. फक्त खाली.

आणि सीझन संपला की तो सगळा खड्डा परत बुजवतात, हे तुला सांगितलं होतं का? बुजवण्याआधी तळाशी आजकालचं एखादं नाणं टाकतात. पुढे कधी कुणी इथे खणलंच तर त्याला कळावं, की इथवर आधी कुणीतरी येऊन गेलंय. मला टाकायला सांगितलं, तर माझ्या पाकिटात नागपूरला कुणीतरी हातावर ठेवलेला एक रुपया होता, तो टाकला. प्रोफेसर डोक्याला हात लावून म्हणाले, अरे, युरो टाक ना! आता उद्या कुणीतरी भारताशी व्यापार होता म्हणून प्रबंध लिहील. लिहू दे.

कुठे होतो? दगड. आमच्या चौकोनात एका घराची जमीन निघाली आणि तिच्यामधून गटार. गटारावर मोठी फरशी टाकलेली. आम्ही तिच्यावरून हातगाड्या ढकलायचो, तिच्यावर बूट आपटून माती झाडायचो. सावली तिथेच पडायची म्हणून मी रोज तिच्यावर बसून जेवायचो. मग गटार मोकळं करायचं ठरलं, पहारी लावल्या, फरशी उलटी केली, तर खालच्या अंगाला अक्षरं. सगळी फरशी भरून अक्षरं. थडग्यावरचा दगड होता तो. घर बांधणाऱ्यांनी कुठूनतरी उचलून आणला आणि पालथा घालून गटारावर टाकला.

सगळे ओरडायला लागले, फोटो, फोटो. आणि मी काय केलं, तर वाकून दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला. विचार करून नाही, आपोआप. लहानपणी दप्तराला पाय लागला की तू करायला लावायचीस तसं. प्रोफेसर म्हणाले, हे काय? मी म्हटलं, पाय लागला ना. रोज लागला. आमच्याकडे पाय लागला की असं करतात. शेजारी एक इटालियन म्हातारा कामगार होता, त्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःच्या बुटांकडे बघितलं, टोपी काढली आणि तोही वाकला. दुसऱ्या दिवशी आमची सगळी टोळी येता-जाता दगडाला हात लावून कपाळाला लावत होती. एक पोरगी तर घमेल्याला पाय लागला तरी नमस्कार करायची आणि माझ्याकडे बघून डोळा मारायची. हसायचो आम्ही. पण त्या दगडावर परत कुणी बसलं नाही.

आता त्यावर काय लिहिलंय ते. रोमन लोक थडगी गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला बांधायचे. कारण तिथून माणसं जातात. आणि बऱ्याच दगडांवर सुरुवातच अशी असते, की वाटसरू, जरा थांब, एवढं वाचून जा. या दगडावरही तसंच आहे. माझ्यासारख्या भटक्याला दोन हजार वर्षांपूर्वीच्या बाईने थांब म्हटलं आणि मी तिच्या पाठीवर बसून सँडविच खात होतो.

बाईचं नाव सॅल्व्हिया. आधी कुणाचीतरी गुलाम होती, मग सुटली. दगड तिने स्वतः बसवला, स्वतःच्या पैशाने. त्यावर तीन नावं आहेत. सगळ्यात वर फेलिक्स, तिचा नवरा, तो गेला होता. मग हर्मेस, तोही तिचा नवरा, नंतरचा. शेवटी ती. कुणी जिवंतपणीच आपला दगड करून ठेवला तर नावाच्या आधी एक अक्षर कोरायची पद्धत होती, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हा माणूस अजून आहे. ते अक्षर हर्मेसच्या आधी आहे, तिच्या आधी आहे. फेलिक्सच्या आधी नाही. प्रोफेसरांनी ब्रशने माती झाडत झाडत हे वाचून दाखवलं तेव्हा मला छान वाटलं, एवढंच. बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मनोहर काका माझ्यासाठी फक्त गणपतीत माइकवर हॅलो चेक, हॅलो चेक करणारे गृहस्थ होते.

खणून काढलेलं त्या देशातून नेता येत नाही. पण उसनं आणता येतं. आमच्या त्या खणण्याचंच प्रदर्शन इथल्या म्युझियममध्ये लागतंय, त्यासाठी सॅल्व्हिया पेटीत बसून ॲन आर्बरला आली, वर्षभरासाठी. आणि प्रोफेसरांना माझं ब्रेझिंग आठवलं. तर माझी सध्याची नोकरी ही, वस्तूंना उभं करायची. पितळी सळया तापवायच्या, वाकवायच्या, कानशीने घासायच्या, वस्तूला लागेल तिथे मऊ अस्तर लावायचं, आणि वस्तूच्या रंगाचा रंग द्यायचा. काचेपलीकडून बघणाऱ्याला वाटतं की वस्तू आपली आपण उभी आहे. डिंक नाही, खिळा नाही. कधीही काढून घेता आलं पाहिजे, दगडाला ओरखडा न पडता. हुक वाकवताना दर वेळी बाबांची आठवण येते. शॉमबर्गला राहायला आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ओट्यावरच्या कपाटाखाली तीन हुक ठोकले होते, तीन कपांसाठी, दोऱ्याने माप घेऊन. तरी मधला वाकडा गेला. म्हणाले, झालं, आता घर झालं. सामान अजून खोक्यांतच होतं.

सॅल्व्हियाचं माप घेताना मी तिन्ही नावांची उंची कॅलिपरने मोजली, आधार कुठे द्यायचा ते ठरवायला. अक्षरं तिन्हींची सारखी आहेत, आई. मी परत मोजली. बाईने कुणाचंही नाव बारीक केलेलं नाही.

दगडाचा एक टवका गेलाय, फेलिक्सच्या नावाजवळचा. तिथे पुट्टी भरायची होती. हे काम खरं डॉरथीचं. ती इथली कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तू जपणारी आणि दुरुस्त करणारी, साठीची, जिभेला धार, आणि मला सायकलवाला म्हणूनच हाक मारते. तिने मला एक तुकडा करून बघायला दिला. मी जीव ओतून रंग जुळवला, दगडाच्या शिरासुद्धा काढल्या. इतका बेमालूम, की कुठे भरलंय ते मलाच सापडेना. कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. डॉरथीने चष्मा वर केला आणि म्हणाली, फारच सुंदर, सायकलवाल्या, आता काढून टाक. मी चिडलो. म्हटलं, दिसत नाही हाच तर मुद्दा ना? ती म्हणाली, दोन पावलं लांबून डोळ्याला खुपायला नको. पण जवळ येऊन बघेल त्याला कळलंच पाहिजे, की इथे होतं ते गेलं आणि हे आम्ही नंतर घातलं. नाहीतर तू दुरुस्ती नाही केलीस, थाप मारलीस. मग मी परत केलं, एक छटा फिकी. आणि आई, आता तेच बरं दिसतं. गेलेलं दिसतं आणि दगड पुराही दिसतो.

पुट्टी परत भरली त्या दिवशी दुपारभर माझं कशात लक्ष लागेना. नदीपर्यंत चालत गेलो, परत आलो, कॉफी घेतली, प्यायलो नाही. सारखी दिवाळी आठवत होती. मी घरी आलो होतो तेव्हा मनोहर काका चकल्या घेऊन आले होते. आम्हा नागपूरच्या माणसांना तुमची पुण्याची चकली फिकी लागणार, असं तू तोंडावर म्हणालीस आणि ते खोखो हसले. मी सगळं बघत होतो. संध्याकाळभर ते डायनिंगच्या कडक खुर्चीवर बसले, पाठीला हात लावून. बाबांची खुर्ची रिकामी होती, गादी असलेली. तू दोनदा बस म्हणालीस, ते म्हणाले, इथे बरं आहे. आणि चहा झाला तेव्हा ते गाडीत जाऊन आले. मला वाटलं फोन राहिला असेल. तर स्वतःचा कप घेऊन आले. नेहमीच आणत असणार, कारण तू काहीच विचारलं नाहीस, सरळ त्यात चहा ओतलास. हुकांवर तीन कप होते, तुझा, माझा, आणि बाबांचा तो कान तुटलेला. चहा पिऊन झाल्यावर काकांनी कप विसळला, पुसला, आणि परत गाडीत नेऊन ठेवला. म्हणजे बाबांना कुणी पुसत नव्हतं, आई. उलट त्या माणसाने स्वतःचाच कुठे डाग पडू दिला नव्हता. माझ्यासाठी. मी काय म्हणेन म्हणून.

प्रदर्शन शनिवारी उघडतंय. त्यानंतर माझं काम संपेल, पुढे कुठे ते विचारू नकोस, ट्युनिशियाचं काहीतरी चाललंय, कदाचित काहीच नाही. शनिवारी तुम्ही दोघं या. काकांना सांग, उद्घाटनाला माइक आहे पण चेक करायला जाऊ नका. मी त्यांना काकाच म्हणणार, दुसरं काही म्हणायला लावू नकोस, ते त्यांनाही नको असेल. आता डबा उघड. आतला हुक सॅल्व्हियाच्या स्टँडमधून उरलेल्या पितळेचा आहे, सुट्टीच्या वेळात केला, डॉरथीला विचारून. बाबांच्या तीन हुकांना हात लावू नकोस, वाकडासुद्धा सरळ करू नकोस. त्याच ओळीत, तेवढंच अंतर सोडून, हा चौथा लाव. ते तीन स्टीलचे आहेत, हा पितळी आहे, जवळून बघितलं तर वेगळा दिसेल. दिसू दे. मी मुद्दाम तसा ठेवलाय. आणि काकांना म्हणावं, कप गाडीतून आत आणा आणि आतच ठेवा.

तुझाच,
परी