सालिंगच्या नावाचा खुलासा

बाकोलोद,
१४ एप्रिल १९८६

प्रिय इंदाय सालिंग,

लेकीसारखं इंदाय म्हणतोय, पण आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तू शिकवतेस त्या शाळेचा पत्ता तुझ्या मावशीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस.

इकडे बरं आहे. तुझ्या फेलिसाकाकूचे गुडघे धरलेत. आंबा यंदा उदंड आलाय. फेब्रुवारीत हुकूमशहाचं सरकार पडल्यापासून वर्तमानपत्रांना कंठ फुटलाय. परवापर्यंत मूग गिळून बसलेले आता आपण किती निर्भय होतो ते छापताहेत. मीही तसलाच एक अग्रलेख लिहायला बसलो होतो.

तेवढ्यात नानाय अंब्रोसिया कचेरीत आली. सगळे आईसारखं नानाय म्हणतात ती, आठवते ना? साखर कारखान्याच्या फाटकावर सैनिकांनी मारलेल्या चार ऊसतोड मजुरांपैकी एलिसेओची आई. म्हणाली, आता तरी चौघांची नावं पुन्हा छापा. मी कपाटातून तू तेव्हा लिहिलेली बातमी काढून तिला वाचून दाखवली.

तिनं विचारलं, "इतकं खरं लिहिलं होतं, तर मग त्या पोरीनं शब्द का फिरवला?"

मी अंक मिटून ठेवला. मग तीच सांगू लागली. तुझ्या नावाचा खुलासा छापून आल्यावर तू त्यांच्या वस्तीत गेली होतीस. कुणी दार उघडलं नाही. दुपारभर उन्हात उभी होतीस. "मी आतूनच म्हणाले, माझं पोर तू दुसऱ्यांदा मारलंस," नानाय म्हणाली.

हे मला ठाऊक नव्हतं, सालिंग. तू राजीनामा ठेवून गेलीस, एवढंच मी पाहिलं होतं.

आईच्या आजारपणासाठी तू गिमारास बेटावर गेली होतीस, तेव्हा मी तो खुलासा छापला. 'मजुरांनीच आधी हल्ला केला, माझी माहिती चुकीची होती,' आणि खाली तुझं नाव. तू परतल्यावर मी तुला सांगितलं की त्या सैनिकांच्या कर्नलला तूच हवी होतीस, तुला तुरुंगातून वाचवायला हे करावं लागलं. घरी बायकोला, फेलिसालाही तेच सांगितलं. सांगता सांगता मलाही ते खरं वाटू लागलं.

कर्नलनं दम देऊन खुलासा मागितला खरा, पण तुझं नाव घेतलंच नव्हतं. "खाली नाव कुणाचंही चालेल, संपादक," एवढंच म्हणाला होता. माझं घातलं असतं तर गावात तोंड दाखवायची चोरी झाली असती. म्हणून तुझं घातलं.

हे सगळं मी नानायला सांगितलं. ती उठून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, रविवारी आमच्या चर्चमध्ये या आणि सगळ्यांसमोर सांगा. काल गेलो, सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते पांगले. नानाय मात्र चर्चच्या फाटकापर्यंत आली. म्हणाली, "त्या पोरीला म्हणावं, एकदा आमच्याकडे जेवायला ये. मला तिच्याशी बोलायचंय."

सोबत आजचा अंक आहे. पहिल्या पानावर चौघांची नावं, तुझ्या नावानं तुझी बातमी आणि माझ्या नावानं माझी कबुली. पाच वर्षांपूर्वी, खुलासा छापला तेव्हाच, ही कबुली तीन ओळींत झाली असती.

माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही, याचंही ओझं तुझ्याच डोक्यावर यायचं. नानायकडे मात्र जाऊन ये. ती थकलीय.

तुझ्या नावाआड लपलेला,
लिओपोल्दो