कोरा रकाना

३ नोव्हेंबर
पोचलो. नोकरी झकास! पुढं काम, मागं झोपायची खोली. साहेब नाही, एक चष्मेवाली बाई तेवढी. रानातल्या अळंब्या वाळवून, कागदाच्या पुड्यांत घालून कपाटं भरलीत. आमच्याकडं याला कुत्र्याची छत्री म्हणतात आणि लाथेनं उडवतात. दादा म्हणाला होता, चार दिवसांत शेपूट घालून परत येशील. बघच म्हणावं.

५ नोव्हेंबर
पुडीवरच्या फाटक्या चिठ्ठीची नक्कल करायची, नवी चिठ्ठी चिकटवायची. कुठं सापडली, कुणी खुडली, कशावर उगवली. शेण, ओंडका, पाचोळा. एका काळ्या जातीच्या चिठ्ठ्यांवर मात्र शेवटचा रकाना कोरा. प्रत्येकीवर अक्षर वेगळं, कामचुकारपणा तोच. एवढी शिकलेली माणसं, वाकून बघायला कंबर दुखली काय?
चिठ्ठीमागं सुका डिंक असतो. ब्रशानं पाणी लाव, म्हणते बाई. कोण बसतंय ब्रश धूत! जीभ फिरवली की झालं. पुडीतली भुकटी हाताला लागते, तिची कडू चव येते एवढंच. बाईनं पाहिलं. चष्मा पुसला.

९ नोव्हेंबर
जीभ जड झालीय. बाई आता त्या काळ्या जातीच्याच पुड्या पुढ्यात टाकते. आधीचा माणूस कुठं गेला विचारलं. म्हणाली, इथंच आहे. आणि कपाटाकडं बघून हसली. येडी आहे.

१२ नोव्हेंबर
घास उतरत नाही. आरशात पाहिलं. जिभेखाली काळे ठिपके. दादाला फोन केला, आवाज फुटेना. तो म्हणाला, आलास ना रडकुंडीला? ठेवला फोन. मेलो तरी बेहत्तर, पण त्याच्यासमोर—

१३ नोव्हेंबर
ठिपक्यांना देठ फुटले. वर छत्र्या.
जातो घरी. हसू दे दादाला.
दाराला बाहेरून कडी. बाई पलीकडून सांगते, पाणी पीत राहा, ओल हवी.

१४
बाई आत आली. चिमटा, नवी पुडी. म्हणाली, "तोंड उघड. मागच्याच्या वेळी मला उशीर झाला, वाळून गेली होती."
खुडली. रक्त नाही आलं. भुकटी—
चिठ्ठी माझ्याच हातात दिली. अक्षर बरं आहे म्हणे.
कुठं सापडली — मागची खोली
कुणी खुडली — बाई
बोटं वळत नाहीत. पण मी नाही कोरा सोडणार, मी त्यांच्यासारखा—
कशावर उगवली —