छोटीला समुद्रापर्यंत न्यावे

मी, खाली सही करणारी, शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात हयात घालवलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणायची कोणाची छाती नाही. डॉक्टर हातचं राखून बोलले, पण मला कळायचं ते कळलं. फार थकले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

१. राहते घर ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तहहयात वापरावे. तिचे डोळे गेले आहेत. तिला आश्रमात टाकून घर विकायचा दादाचा बेत आहे, तो त्याने गुंडाळून ठेवावा. ताईच्या पश्चात घर दादाच्या मुलीला मिळावे, मात्र कलम ४ पाळल्यासच.

२. हत्यारे समोरच्या शिंप्याला द्यावीत. मोठा पाना त्याच्याकडेच आहे. मागून मागून माझं तोंड दुखलं, आता ठेव म्हणावं.

३. दादाला काही नाही. लहानपणी त्याने आम्हा बहिणींची लाडकी कादंबरी रद्दीत घातली, आणि वर विचारलं, "पुस्तकाने पोट भरतं का?"

४. तीच कादंबरी मला यंदा जुन्या पुस्तकांच्या गाडीवर सापडली. जग जळून गेल्यावर मोडक्या बसमधून समुद्र शोधायला निघालेल्या पोरांची गोष्ट. लहानपणी मी तापाने अंथरुणाला खिळले होते, वाचता येत नव्हतं, तेव्हा ताईने ती मला वाचून दाखवली होती. त्यातली आजारी छोटी शेवटी समुद्रात पाय बुडवते. ती उठली म्हणून मीही उठले.

आता स्वतः वाचली, तर छोटी निम्म्यातच मरते. पुढचं सगळं ताईने पदरचं घातलं होतं. मी मशिनवर डोकं टेकून रडले.

हल्ली संध्याकाळी मी तिला वाचून दाखवते. छोटी मरते ते पान आलं आणि मी वाचायची थांबले.

"थांबलीस का गं?" ताई म्हणाली. "छोटीला बरं वाटतंय ना?"

"उठून बसलीय."

"मग चालू दे."

माझ्यामागे हे वाचन भाचीने करावे. तिला विचारलं, तर म्हणाली, "आत्या, जे छापलंच नाही ते मी कसं वाचू?" म्हटलं, शिकशील. ताईही तेव्हा पोरच होती.

बस अजून वाळवंटात आहे. मी निम्म्यात गेले, तरी छोटीला समुद्रापर्यंत न्यावे.

साक्षीदार: १. इंजेक्शन द्यायला येणारी नर्स. २. खालच्या मजल्यावरच्या बाई (डोळे पुसत सही केल्याने शाई फिसकटली आहे, ती ग्राह्य धरावी).

स्थळ: राहते घर, मशिनचे टेबल.
वार: सोमवार, वाचनाला बसण्याआधी.

सही: धाकटी