सातवं पुडकं

वोलोग्दा, १४ सप्टेंबर २००४

प्रिय ग्लेब,

तुझं पाकीट शनिवारी मिळालं. एवढं जाड, की पोस्टमनला वाटलं औषधंच आली. दोन दिवस ते बरणीला टेकवून ठेवलं आणि येताजाता त्याच्याकडे बघत राहिले. या दिवसांत मी काकड्या मिठात घालते, तेवढं निमित्त पुरलं. काल संध्याकाळी चष्मा पुसला आणि बसले एकदाची. तुझं पुस्तक छापायला जाणार, त्यात आपला इर्कुत्स्कचा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रकरणात येणार, आणि मी फक्त सोबतच्या कागदावर सही करायची, की सतरा जून सदुसष्टला मॉस्कोच्या वेळेप्रमाणे बरोबर बारा वाजता मी ती दहा पुडकी एकेक करून उघडली. प्रकाशक सहीवाचून हात लावायला तयार नाही म्हणतोस. तुझी तीस वर्षांची मेहनत माझ्या एका सहीवर अडली आहे, हे मला कळतं. म्हणूनच उत्तर लांबणार आहे. चहा करून घे आणि मग वाच.

तुला आपली ती तळमजल्यावरची प्रयोगशाळा आठवते ना? विद्यापीठानं दिलेली, एका बाजूला धुण्याची खोली आणि दुसऱ्या बाजूला सशांचे पिंजरे. आपले सर, आर्सेनी प्लातोनविच, म्हणायचे, रेडिओच्या लहरी सापडण्याआधीही हवेत होत्याच की, मग विचारांच्या का नसाव्यात? आणि वरच्या मजल्यावरचा वेन्यामिन जिन्यातून ओरडायचा, "अहो, आज कोणाचा आत्मा येणार आहे? माझी हरवलेली छत्री कुठे आहे तेवढं विचारा!" तू चिडायचास. मला मात्र हसू यायचं, आणि हसल्याबद्दल तुझी बोलणी खायची. पण तोच वेन्यामिन एकदा शांतपणे म्हणाला होता, की मला तुमच्या प्रश्नाची चीड नाही, तुमच्या घाईची आहे. तेव्हा मला तो खडूस वाटला. पुढे मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आणि पोरांच्या वह्या तपासताना हेच वाक्य किती वेळा बोलले असेन, मोजदाद नाही.

त्या जूनमध्ये विद्यापीठाच्या समितीनं शेवटची संधी दिली होती. शनिवारी निकाल दाखवा, नाहीतर खोली सशांना देतो. सरांनी दहा वस्तू कागदात गुंडाळल्या, लाखेनं बंद केल्या, माझ्या पेटीत ठेवल्या. आत काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं. मी पाच हजार किलोमीटरवर जाऊन दर पाच मिनिटांनी एक उघडायची आणि मन लावून बघत बसायचं. त्याच वेळी तू लेनिनग्राडमध्ये त्या चामड्याच्या खुर्चीत डोळे मिटून जे मनात येईल ते सांगायचंस, सर लिहून घेणार. तू मला गाडीपर्यंत पोचवायला आलास. उकडलेली अंडी आणि वर्तमानपत्रात बांधलेलं मीठ दिलंस. म्हणालास, झीना, फार जोरात विचार करू नकोस, माझं डोकं दुखेल.

आता ऐक. सदतीस वर्षं हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

माझं घड्याळ ओम्स्कच्या आसपास बंद पडलं. काळजी नव्हती. आपल्याकडे आगगाडीत आणि स्टेशनात सगळीकडे मॉस्कोचीच वेळ चालते, हे लहान मूलसुद्धा सांगेल. इर्कुत्स्क मॉस्कोच्या पाच तास पुढे असलं तरी रेल्वेच्या भिंतीवर मॉस्कोच. उतरले ती रेल्वेच्या विश्रामगृहात, आणि साडेचार दिवसांच्या गाडीनं अंग इतकं आंबलं होतं की मेल्यासारखी झोपले. उठले तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता, सूर्य कुठे आहे कळायला मार्ग नव्हता. खोलीबाहेरच्या बोळातल्या घड्याळात पावणेबारा. माझी तारांबळ उडाली. पडदे ओढले, पेटी उघडली, आणि बाराच्या ठोक्याला पहिलं पुडकं फोडलं. स्प्रिंग. मग कंगवा, मग लाकडी चमचा. दहाही वस्तूंकडे मी इतकी टक लावून बघितली की डोळ्यांतून पाणी आलं. नियमाप्रमाणे सगळं चोख केलं, ग्लेब. मग पुन्हा आडवी झाले ती कितीतरी वेळ.

विश्रामगृह सांभाळणाऱ्या ग्लाशामावशीनं मला हलवून उठवलं. बाई म्हणजे वादळ. "अगं, गाडीचा धूर अंगाला चिकटलाय तुझ्या, बायकांची पाळी पाच ते सहा आहे, चल, नाहीतर बाप्ये येऊन बसतील!" असं म्हणत मला हाताला धरून वाफेच्या न्हाणीघरात घेऊन गेली. परत आलो तर भिंतीवरचा रेडिओ बोलला, मॉस्कोत दुपारचे दीड वाजले आहेत. मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. बोळात धावले, तर घड्याळात साडेसहा. मावशीला विचारलं तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हो, मीच फिरवलंय ते! रेल्वेच्या वेळेवर विसंबून पाहुणे जेवायला यायचे आणि खानावळ बंद. उपाशी पोटी माझ्या नावानं शंख करायचे. आता माझ्या बोळात माझ्या गावची वेळ." अख्ख्या देशातल्या रेल्वेच्या भिंतींवर तेवढं एकच घड्याळ खरी स्थानिक वेळ सांगत होतं, आणि मी नेमकी त्याच्याखाली झोपले होते.

म्हणजे मी पुडकी उघडली तेव्हा मॉस्कोत आणि तुझ्या लेनिनग्राडमध्ये सकाळचे सात वाजले होते आणि तू अजून घोरत होतास. आणि तू खुर्चीत बसलास तेव्हा मी न्हाणीघरात होते. धावत तारघरात गेले. "चूक माझी, प्रयोग झाला नाही" एवढे शब्द फॉर्मवर लिहिले. खिडकीपलीकडच्या मुलीनं माझं नाव वाचलं आणि म्हणाली, अहो, तुमचीच तार आली आहे. तुझी होती. "दहापैकी सहा. सर रडले. ग्लेब." मी माझा फॉर्म घडी करून खिशात घातला. ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात भित्री गोष्ट. सर दोन वर्षांनी गेले, ते आनंदात गेले, असं मी मनाला समजावत राहिले. खोली तर शेवटी सशांनाच मिळाली.

ते सहा कसे जुळले, असं तू विचारशीलच. अरे, तू म्हणालास गोल, धातूचं, गार, आणि निघाली स्प्रिंग. गोल, धातूचं, गार म्हणजे कुलूपही झालं, वाटीही झाली, सशाचं पाण्याचं भांडंही झालं. आपल्याला जुळायला हवं होतं, म्हणून जुळलं. सर असते तर म्हणाले असते, विचार पोचायला पाच तास लागले असतील, पार्सल नाही का उशिरा येत! आणि नेमकं तिथेच माझं आणि त्यांचं वाजलं असतं. कुठलाही निकाल आला तरी जी गोष्ट खरीच ठरते, ती तपासायची कशी? मन म्हणजे काय ते मला आजही कळत नाही. मेंदूत कुठे बसतं, कसं जागं होतं, काही म्हणजे काही नाही. पण माहीत नाही असं फळ्यावर लिहायला मी पोरांना शिकवलंय. आता स्वतः खोटी सही करू?

आणि आता तो लेनिनग्राडचा फलाट, मी परत आले तेव्हाचा. तू पेओनीची फुलं घेऊन उभा होतास, अर्धी चुरगळलेली. डब्याच्या पायरीवरून उतरूही दिलं नाहीस. "झीना, डोक्यात शिरलीच आहेस, आता घरातही ये. पाच हजार किलोमीटरवरून मला ऐकू येतेस, आणखी काय पुरावा हवा?" मी नाही म्हणाले. तू का म्हणून विचारलंस, मी पेटीच्या कडीशी खेळत बसले. तुझं तोंड उतरलेलं मला अजून दिसतं. पण तू सांग, काय करायला हवं होतं? तू लग्नाला उभा होतास त्या सहा वस्तूंच्या जोरावर, आणि त्या वेळी मी अंगाला साबण लावत होते. खरं सांगितलं असतं तर सरांची खोली गेली असती. न सांगता हो म्हटलं असतं तर जन्मभर रोज सकाळी तुला फसवलं असतं. मग मी वोलोग्द्याला आले. नऊ वर्षं संसारही केला. तो माणूस चांगला होता, मीच नव्हते तिथे.

तुझा कागद सही न करता परत पाठवते आहे. पुस्तक अडेल, मला शिव्या दे, त्या माझ्या हक्काच्या आहेत. पण तू पाकिटात त्या दिवसाच्या नोंदींची नक्कलही घातलीस, जी मी लाजेनं कधी बघितली नव्हती. काल बघितली. सातवं पुडकं, बारा वाजून तीस मिनिटं. वस्तू होती लोखंडी किल्ली. तुझे शब्द: "खूप गरम. ओली पानं. कोणीतरी पाठीत मारतंय आणि हसू येतंय." पुढे सरांच्या लाल पेन्सिलीनं "चूक". ग्लेब, त्या घटकेला ग्लाशामावशी, वाफेच्या न्हाणीत झोडपतात तशी, भूर्जाच्या ओल्या पानांच्या डहाळ्यांनी माझी पाठ झोडपत होती आणि मी हसून हसून बाकावरून घसरले होते. ते कोणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या वहीतही नव्हतं. मी रात्रभर बसून हिशेब केला, दहात एक म्हणजे काहीच नाही, जूनमध्ये तुझ्या खोलीतही उकडत असेल, असं सगळं स्वतःला सांगितलं. पोरांनी हे मला पुरावा म्हणून दाखवलं असतं तर मी शून्य दिलं असतं. तरी सकाळी उठून हे पत्र लिहायला बसले, कारण सदतीस वर्षं मी समजत होते की त्या दिवशी तुला मी ऐकू आलेच नाही. तुझी बायको, तमारा, जाऊन दोन वर्षं झाली, असं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस आणि पुढे काहीच नाही. फलाटावरचा तो प्रश्न अजून तुझ्याकडे शिल्लक असेल तर पुन्हा विचार. या वेळी मी कडीशी खेळत बसणार नाही. पण पत्रानं विचार. मनातल्या मनात विचारलंस तर मला ऐकू यायचं नाही, आणि आलं तरी मी विश्वास ठेवायची नाही.

तुझीच, त्या दिवशी उशिरा पोचलेली,
झीना