पिस्तुलाच्या अर्जाला हळदकुंकू

श्रूजबरी, अमेरिका, २१ ऑक्टोबर २००७, दसरा

सकाळी शेजारचे निवृत्त डॉक्टरकाका पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज घेऊन आले. शस्त्रपूजा म्हणून अर्जालाच हळदकुंकू वाहिलेलं! पोलिसांना ओळखीच्या माणसाचं शिफारसपत्र लागतं, ते मी द्यायचं. हेच काका उन्हाळ्यापर्यंत म्हणत होते, बंदुकांवर बंदीच हवी.

“आता काय झालं?”

“समोर काळं कुटुंब राहायला आलंय. त्यांच्याकडे बंदूक असली तर?”

“मागच्या घरातल्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे पाच आहेत की.”

“अरे, तो शिकारी आहे!”

म्हणजे कायदा कडक हवा, पण माणसाचा रंग बघून. वर अर्जाला कुंकू!

“काका, विमानतळावर तुम्हालाच बाजूला घेऊन तपासतात, तेव्हाही कुणीतरी ‘असली तर?’ एवढंच म्हणत असतं. पत्र मिळणार नाही.”

काका चहा न घेता गेले. जाऊ देत.

संध्याकाळी काकू आपट्याऐवजी मेपलची पानं घेऊन समोरच्या घरी सोनं द्यायला निघाल्या. मागून काका, “तुला एकटीला कसं पाठवू?” म्हणत.

नकाराचा पस्तावा नाहीच. पण ते कुटुंब येऊन दोन महिने झाले, त्या घराची बेल मीही वाजवलेली नाही. काकूंनी ते विचारलं नाही, हे माझं नशीब.