कप्तानाला हुकूम सुटेना

कुलाबा, मुंबई
रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

आदरणीय तात्या,

तुमच्या पुतण्याचा, म्हणजे समाधानचा, तुम्हाला आणि मालनकाकूंना सविनय जयभीम. हे पत्र पिंकी मोठ्यानं वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, तेव्हा तुम्ही आधी खाटेवर नीट टेकून बसा आणि तंबाखू मळून घ्या. (पिंके, तुलाही जयभीम. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही, एवढं ध्यानात ठेव.) तुमच्या गुडघ्याची काय खबर? मी पाठवलेलं तेल गुडघ्यालाच लावता ना? मागच्या खेपेला आलो तेव्हा म्हशीची शिंगं फार चकाकत होती म्हणून विचारतो. काकूंची दाढ काढली का, की अजून लवंगेवरच चाललंय? माझी प्रकृती उत्तम आहे. थोडी सर्दी झाली आहे, तिचं कारण पुढे येईलच.

तुमचं पत्र पोचलं, सोबतची छापील पत्रिकाही पोचली. कागद गुळगुळीत आहे आणि माझा फोटो आयटीआयच्या ओळखपत्रावरचा असला तरी ओळखू येतो. 'पंचक्रोशीतील पहिले कॅप्टन मा. समाधान यांचा भव्य नागरी सत्कार, रविवार दि. २३' हे वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पुन्हा एकदा वाचलं. संभाजीरावांनी ऐन गळिताच्या हंगामात आपली उसाची ट्रॉली जहाज करायला दिली, तिला पत्र्याचं नाक बसवलं, आणि त्या जहाजातून मला वस्तीपासून कोऱ्हाळ्यापर्यंत मिरवणार, हेही समजलं. तात्या, पत्रिका परीक्षेच्या आधीच छापून झाल्या होत्या ही तुमची तयारी वाखाणण्यासारखी आहे. आता परीक्षेचा वृत्तांत सविस्तर लिहितो.

ही परीक्षा नेमकी कसली, हे तुम्ही सर्जेराव गुरुजींना 'बोटीचं ड्रायव्हिंग लायसन' असं सांगितलंत, ते काही फार चुकीचं नाही. शिडाची बोट किनारा दिसेनासा होईल इतकी लांब न्यायची आणि माणसांसकट परत आणायची, एवढाच तिचा मतलब. पण त्याआधी बरंच काही लागतं. वायरलेसवर बोलण्याचा दाखला लागतो. प्रथमोपचाराचा लागतो. (तो शिकताना मी एका रबरी बाईला तोंडानं श्वास दिला. पिंके, खबरदार.) नकाशे, होकायंत्र, भरती-ओहोटीची कोष्टकं, दीपस्तंभांच्या उघडझापीचे हिशेब, हे सगळं पाठ लागतं. आणि एक वही लागते, तिच्यात तुम्ही कुठं किती मैल बोट हाकली ते लिहून कुणाची तरी सही घ्यावी लागते. माझी बाकीची वही आमच्या मालकांच्या सहीनं भरली होती, कारण त्यांच्या बोटीचं इंजिन दुरुस्त करायला म्हणून आलो तो गेली चार वर्षं बोटीवरच आहे. पण पहिलं पान उजनीचं होतं. इंदापूरकडे धरणाच्या फुगवट्यात आबाजींच्या मासेमारीच्या होडीवर मी पहिल्यांदा शीड बांधलं. (शीड म्हणजे काकूंचं जुनं लुगडं. ते हरवलं म्हणून तेव्हा शेजारणीशी जे भांडण झालं, त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.) त्या पानाला सही कुणाची, असं मी तुम्हाला सहज म्हणून लिहिलं, तर तुम्ही दाखलाच पाठवलात. 'सदर इसम उजनीच्या पाण्यात वारंवार बोट चालवीत असून त्याचे चालचलन चांगले आहे, सबब दाखला दिला असे.' खाली आबाजींचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून संभाजीराव, सर्जेराव गुरुजी आणि तुम्ही स्वतः. समुद्राच्या परीक्षेत गोड्या पाण्याचे मैल धरत नाहीत. तरी विलायतेहून आलेल्या परीक्षक साहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला, कुणाचा अंगठा म्हणून विचारलं आणि आपल्या फायलीत जपून ठेवला. परत दिला नाही.

परीक्षा गुरुवारी झाली. बोटीवर आम्ही तिघंच. परीक्षक साहेब वयानं तुमच्याएवढे, पांढऱ्या मिश्यांचे. आधीच म्हणाले, मला सामान समज, मी एका कोपऱ्यात पडून राहीन. खलाशी म्हणून अलिबागकडचे जयवंता तांडेल होते. ते पासष्ट वर्षांचे. समुद्र त्यांनी माझा जन्म व्हायच्या आधीपासून पाहिलेला आणि मी त्यांचा कप्तान. तात्या, इथं पहिली पंचाईत झाली. बोटीवर हुकूम तोकडा लागतो. ओढ, सोड, बांध, संपलं. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो. बोट वळवली की तो एका बाजूचा दुसऱ्या बाजूला गर्रकन फिरतो, आणि दोर धरणाऱ्याला वेळेवर सांगितलं नाही तर मधे येईल त्याला घेऊन जातो. मला ते पाठ होतं. पण ज्या माणसाला मी सकाळीच 'मामा' म्हटलं, त्याला 'सोड' कसं म्हणायचं? मी म्हटलं, जयवंतामामा, तुमच्या हातातलं काम उरकलं असेल तर तो दोर थोडा सैल केलात तर बरं होईल असं आपलं मला वाटतं. साहेबांना मराठी येत नाही, पण वाक्य लांब आहे एवढं त्यांना कळलं. ते घड्याळ बघायला लागले आणि तेवढ्यात दांडा फिरून त्यांची टोपी घेऊन गेला. टोपी अजून समुद्रात आहे.

त्यानंतर मी मनाशी ठरवलं, की आता तोंड उघडायचंच नाही, जे काही असेल ते आपणच करायचं. दोर मीच सोडला, मीच ओढला, नांगर मीच टाकला आणि मीच उचलला. मधेच वाटलं, पाहुणा बोटीवर येऊन दोन तास झाले आणि अजून चहा नाही. साहेबांनी सामान समज म्हटलं असलं तरी चहाची वेळ झाली की सामानालाही चहा लागतो. म्हणून सुकाणू बांधून ठेवलं आणि खाली जाऊन चहा टाकला. काकूंनी दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांतले दोन बशीत ठेवले. वर आलो तर बोट खांदेरीच्या खडकांकडे चालली होती आणि जयवंतामामा अदबीनं माझीच वाट बघत उभे होते, कारण कप्तानानं सांगितल्याशिवाय सुकाणूला हात लावायचा नाही ही त्यांची शिस्त. बोट मी वळवली. साहेबांनी लाडू खाल्ला, दुसरा खिशात ठेवला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग आली ती गोष्ट. साहेबांनी एक नारिंगी रंगाचा तरंगता डबा उचलला, पाण्यात फेकला आणि ओरडले, माणूस पडला! हा परीक्षेचा मुख्य प्रश्न. कप्तानानं अशा वेळी एकाला पडलेल्या माणसाकडे हात दाखवत उभं ठेवायचं, दुसऱ्याला शीड पाडायला लावायचं, आणि आपण बोट फिरवून माणसापाशी आणून उभी करायची. मी हे शंभर वेळा कागदावर काढलेलं आहे. पण तात्या, मी कालव्याच्या काठावर वाढलो. पाठीला डालड्याचा डबा बांधून तुम्हीच मला नीरेच्या कालव्यात ढकललं होतंत. आपल्या वस्तीवर कालव्यात कुणी पडलं तर काठावर उभं राहून सूचना करायची रीत नाही. जो आधी बघेल तो उडी मारतो, कारण पुढे पाणी सोडायचं लोखंडी दार असतं आणि तिथवर गेलेलं माणूस हाती लागत नाही. तुम्ही स्वतः अशी सात माणसं आणि संभाजीरावांचा एक गोऱ्हा काढलेला आहे. मला डबा दिसला आणि मी सुकाणू सोडून उडी मारली.

डबा मी वीस हात मारून गाठला. बाजूला घेतला, त्याचं तोंड पाण्याच्या वर धरलं (डब्याला तोंड नसतं हे नंतर लक्षात आलं) आणि विजयानं वळून पाहिलं, तर बोट जयवंतामामा आणि साहेबांना घेऊन मांडव्याच्या दिशेनं निघाली होती. मामांना अजूनही कुणी हुकूम दिलेला नव्हता. शेवटी साहेबांनीच इंग्रजीत चार शब्दांचा हुकूम दिला, तो मामांना बरोबर समजला, आणि दहा मिनिटांनी त्यांनी मला आणि डब्याला एकाच जाळीतून वर काढलं. सर्दीचं कारण हे. साहेबांनी माझ्या अंगावर घोंगडी टाकली, हात हातात घेतला आणि म्हणाले, तीस वर्षांत असा कप्तान पाहिला नाही. तर तात्या, असा हा परीक्षेचा वृत्तांत. सर्वांना माझी आठवण सांगा. तेल गुडघ्याला लावा. पिंकीला म्हणावं, अक्षर सुधार. बाकी भेटीअंती.

आपलाच,
समाधान

ता. क. – घाईत निकाल लिहायचा राहिला. मी नापास झालो. साहेबांनी कागदावर लिहून दिलंय, की नकाशा उत्तम, हवामान उत्तम, इंजिन अत्युत्तम, हुकमत शून्य. डबा वाचवला, बोट गमावली. बाकीचं सगळं पुन्हा द्यायला नको, फक्त हुकमतीची परीक्षा पुन्हा होणार. साहेब पुढचे पंधरा दिवस इथंच आहेत आणि त्यांनी मला रविवारची, तेवीस तारीख दिली आहे. होय, तीच तारीख. तेव्हा सत्कार थांबवावा लागेल. संभाजीरावांना माझ्यातर्फे हात जोडा आणि ट्रॉलीचं पत्र्याचं नाक काढायला सांगा, त्यांच्या उसाला तोड आली असेल. ज्यांच्या घरी पत्रिका गेल्या त्यांना काय सांगायचं हे मला सुचत नाही. (पिंके, इथं थोडं थांब. तात्यांना पाणी दे.)

ता. क. २ – साहेबांनी मला विचारलं, तुझ्या घरात हुकूम कोण देतं? मी म्हटलं, मालनकाकू, आणि त्या घर सोडून बोटीवर शिकवायला यायच्या नाहीत. पण रात्रभर विचार करत राहिलो. तात्या, तुम्ही अठ्ठावीस वर्षं कालव्याच्या दारावर होता. जीपमधून साहेब, बांधावरून बागायतदार, सायकलवरून पाटकरी, सगळे एकच बोलायचे: श्रीपती, दार उचल, श्रीपती, दार पाड. मी शेजारी बसून ऐकायचो. म्हणून माझ्या तोंडून 'सोड' निघत नाही. तो शब्द मी नेहमी तुमच्या बाजूनं ऐकलाय. मी मुंबईला निघालो तेव्हा बारामतीच्या स्टँडवर तुम्ही म्हणाला होता, "आपल्या घरात समद्यांनी हुकूम ऐकला. तू तेवढा देऊन बघ, कसा लागतोय." तात्या, बघितला. गिळवत नाही.

ता. क. ३ – खरं म्हणजे हे पत्र याच्यासाठीच लिहिलं. साहेब म्हणालेत, पुढच्या वेळी खलाशी तू आण, आणि असा आण की ज्याच्यापुढे तुझी जीभ सगळ्यांत जास्त अडखळते. त्याला सांगता आलं तर कुणालाही सांगता येईल. असा माणूस जगात एकच आहे आणि तो आत्ता खाटेवर बसून हे ऐकतोय. तुम्हाला आणखी एक हुकूम ऐकवायचा म्हणजे माझ्या जिवावर येतंय, पण ह्या वेळी देणारा तुमचाच आहे. तेव्हा, श्रीपती खलाशी, शुक्रवारी, एकवीस तारखेला, सकाळच्या एस.टी.नं मुंबईला या. दादरला मी उभा असेन. दोर कसा सोडायचा ते शनिवारी दिवसभर दाखवीन. दार उचलणाऱ्या हातांना दोर काही जड नाही. बोटीवर हुकूम ऐकला की नुसतं "व्हय" म्हणायचं नसतं, तोच हुकूम मोठ्यानं परत म्हणायचा असतो, म्हणजे देणाऱ्याला समजतं की पोचला. काम झाल्यावर कप्तानानं शाबास म्हणायची पद्धत नाही, पण मी म्हणणार आहे. अठ्ठावीस वर्षांत तुम्हाला ते कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

ता. क. ४ – पोस्टकार्डावर हुकूम परत लिहून पाठवा. (पिंके, तिसऱ्या ताज्या कलमात 'या'च्या आधी 'जमलं तर' आणि त्याच्याही आधी 'गुडघा बरा असेल तर' असं लिहून मी खोडलंय. दिव्यापाशी धरलं तर दिसतं. ते वाचून दाखवू नको. हा माझा दुसरा हुकूम.)